पक्षपाती सुरी

मराठी घरातल्या सुरीला धार नसते, यामागे आळस नाही, धोरण आहे. नवी सुरी दुकानातून येते तेव्हा तिला बऱ्यापैकी धार असते आणि पहिल्या पंधरवड्यात घरातल्या प्रत्येकाच्या बोटाला एकेक पट्टी लागते. मग सुरी बोथट होते, आजी म्हणते "आता बरी झाली", आणि तिथून पुढे दहा-बारा वर्षं ती सुखाने नांदते. तिने पावाला लोणी लावतात, दुधाची पिशवी फोडतात, मिक्सरच्या भांड्याचा स्क्रू पिळतात, बरणीचं झाकण उचकटतात. टोमॅटोवर ठेवली तर आधी टोमॅटो दबतो, मग बिया बाहेर येतात आणि सगळ्यात शेवटी साल फाटतं. या क्रियेला आपण चिरणं म्हणतो.

धार अगदीच गेली असं घरात एकमत झालं, तर उपायही घरातच असतात. ओट्याच्या कडाप्प्याची कड, गच्चीच्या जिन्याची पायरी, माळ्यावरचा पाटा आणि उलटा केलेला चहाचा कप. यातला कपाचा उपाय हसण्यासारखा नाही. कपाच्या बुडाशी जे खरखरीत कडं असतं त्यावर चकाकी चढवलेली नसते, आणि भट्टीत भाजलेली ती माती सुरीच्या पोलादाहून कठीण असते. पोलाद घासायला जे लागतं ते तिथे हजर आहे. गैरहजर असते ती आपली चिकाटी. चार वेळा घासायचं, अंगठा फिरवून "आली बरं का!" म्हणायचं आणि कप सुलटा करून त्यातच चहा ओतायचा.

नाशिककरांनी तरी असं वागू नये. ज्या पंचवटीत लक्ष्मणाने शूर्पणखेचं नाक उतरवलं असं सांगतात, आणि गावाचं नावही त्यावरूनच पडलं असं मानतात, तिथल्या माणसाला साल दाबून फाडताना थोडं तरी काही वाटायला हवं. आता लक्ष्मणाच्या शस्त्राला धार कोणी लावून दिली, वनवासात दगड कुठला वापरला, याची चौकशी आजवर मी ऐकलेल्या एकाही कीर्तनकाराने केलेली नाही. मारणाऱ्याची आरती होते, धार लावणाऱ्याला कुणी विचारत नाही.

दुसरं कारण कांद्याचं. लासलगावचा कांदा शेतकऱ्याला कधी रडवणार आणि गिऱ्हाइकाला कधी, हे दिल्लीत ठरतं. पण स्वयंपाकघरातलं रडणं आपल्या हातात आहे. कांद्याच्या पेशी फुटल्या की त्यातलं एक विकर आणि गंधकाची संयुगं एकत्र येतात आणि डोळ्यांना झोंबणारा वायू तयार होतो. बोथट सुरी पेशी कापत नाही, चेंगरते. जितक्या जास्त चेंगरल्या तितका जास्त वायू. म्हणजे रविवारी मिसळीसाठी वाडगाभर कांदा चिरताना आपण जे रडतो, त्यातलं बरंचसं रडणं कांद्याच्या नावावर खपवलं जातं.

तर अशा गावातल्या अशाच एका घरात, म्हणजे आमच्या, एक जपानी सुरी आली.

माझा भाचा ओसाकाला नोकरी करतो. ओसाकाला लागून सकाई नावाचं गाव आहे, सुऱ्यांसाठी शेकडो वर्षं नावाजलेलं. तिथे पातं घडवणारा लोहार वेगळा, त्याला धार लावणारा वेगळा आणि मूठ बसवणारा तिसराच. धार लावणं हा तिथे अख्ख्या आयुष्याचा धंदा आहे. कप उलटा करून भागत नाही. भाच्याने आणलेली सुरी भाजीची, चौकोनी पात्याची. तिला उसुबा म्हणतात. पेटी उघडल्यावर माझ्या आईचा पहिला प्रश्न आला, "मासळीची नाही ना रे?" भाच्याने समजावलं की तिकडे मासा फोडायची सुरी वेगळी, कच्च्या माशाचे काप करायची वेगळी आणि भाजीची वेगळी, एकीचं काम दुसरीला देत नाहीत. आईला जपानविषयी एकदम आदर वाटू लागला. "म्हणजे सोवळं पाळतात की!"

सुरी या हातातून त्या हातात द्यायची नसते. म्हणून दर वेळी ती टेबलावर ठेवायची आणि पुढच्याने उचलायची, अशा रीतीने तिची घरभर पाहणी झाली. मेहुण्यांनी चष्मा कपाळावर चढवला, पातं खिडकीच्या उजेडात तिरपं धरलं आणि निकाल दिला, "पीस डिफेक्टिव्ह आहे."

झालं होतं असं, की पात्याच्या उजव्या अंगाला धारेकडे उतरत जाणारा छान रुंद उतार होता आणि डावं अंग सरळसोट सपाट. "एकच बाजू केलीय," मेहुणे म्हणाले. "दुसरी राहून गेली." आणि मग मराठी माणसाच्या पोटातला खरा प्रश्न वर आला. "पैसे पूर्ण घेतले ना?"

भाचा म्हणाला, ती अशीच असते. आमच्यात कुणाला पटेना. आमच्या घरात न्यायबुद्धी फार. गावाकडची जमीन वाटताना मधल्या आंब्याच्या झाडाचीसुद्धा फांद्या मोजून वाटणी झाली होती. तिथे एका बाजूला सगळी धार आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही, हा उघड अन्याय होता.

या अन्यायामागचा हिशेब मात्र सोपा आहे. नेहमीच्या सुरीला दोन्ही अंगांनी उतार असतो. उजवीकडून १५ अंश, डावीकडून १५ अंश, म्हणजे कापणारी कड होते ३० अंशांची. एक अंग सपाट ठेवलं तर त्या बाजूचे अंश शून्य, आणि कड उरते निम्म्या जाडीची. शिवाय सपाट अंग भाजीला भिंतीसारखं लागून उतरतं, त्यामुळे कापलेली बाजू गुळगुळीत निघते. मुळ्याची सालपटं काढावीत तसा जपानी आचारी याच सुरीने मुळा गोल गोल सोलत जातो आणि त्याचा एक लांबलचक, आरपार दिसणारा पडदा तयार करतो. भाच्याने मोबाइलवर त्याचा व्हिडिओ दाखवला. आई दोन मिनिटं पाहत राहिली आणि म्हणाली, "आणि मग? कोशिंबीरच करायची ना? किसणी आहे आपल्याकडे."

निम्म्या जाडीची किंमत मोजावी लागते. उतार एकाच अंगाला असल्यामुळे भाजी पात्याला त्याच अंगाने ढकलते आणि सुरी सपाट बाजूकडे सरकत जाते. उजव्या हाताने गाजर कापायला घेतलं की सुरी हळूच डावीकडे वाहते आणि काप वरून पातळ, खालून जाड होतो. जपानी आचारी ही ओढ मनगटाने सावरायला वर्षानुवर्षं शिकतात. माझी पुतणी डावखुरी आहे. तिच्या हातात हीच सुरी दिली तेव्हा सुरी उलट कापाच्या दिशेने पळाली आणि गाजराचा काप खाली पोचायच्या आतच संपला. डावखुऱ्यांसाठी उतार डाव्या अंगाला असलेली सुरी निराळी करून घ्यावी लागते आणि तिला पैसेही जास्त पडतात. हे ऐकून पुतणी म्हणाली, "शाळेतल्या बाकांपासून मला हे माहीत आहे." तिच्यापुढे आमच्या न्यायबुद्धीने मान खाली घातली.

भाचा ओसाकाला परतला आणि दारावर धारवाला आला.

आमच्याकडे धारवाल्याची आरोळी आली की आख्खी बिल्डिंग खाली उतरते. तो सायकल स्टँडवर चढवतो, उलटा-सुलटा पट्टा बसवतो आणि पॅडल मारायला लागतो. मागचं चाक हवेत फिरतं आणि त्याच्या जोरावर पुढचं कुरुंदाचं चाक गरगरतं. मग विळ्या, सुऱ्या, कात्र्या, अडकित्ते. ठिणग्या जितक्या लांब उडतील तितकं काम चोख, असा आमच्या बिल्डिंगचा समज आहे. ठिणगी म्हणजे आपल्याच सुरीचं पोलाद, जळत आपल्याला सोडून चाललेलं, हे कुणी लक्षात घेत नाही. चाकावर पातं जास्त दाबलं की ते तापतं, आणि कडेला निळसर झाक आली की तिथलं पाणी उतरलं म्हणून समजायचं. दिसायला धार असते, पण ती आठवड्यात बसते. चांगला धारवाला म्हणूनच हलक्या हाताने लावतो आणि मधून मधून पातं पाण्यात बुडवतो. गिऱ्हाईक त्याला म्हणतं, "अहो, जोर लावा की जरा."

मेहुणे सुरी घेऊन खाली गेले होते. हेतू चांगला होता. राहून गेलेली बाजू पुरी करून घ्यायची. मी जिन्यात पोचेपर्यंत सुरी धारवाल्याच्या हातात होती. त्याने ती उलटी केली, सुलटी केली, सपाट अंगावरून नख ओढलं आणि मेहुण्यांना परत दिली.

"ही कात्रीच्या जातीची आहे साहेब. या बाजूला चाक लागलं की मेली."

एवढंच. जपान माहीत नाही, ओसाका माहीत नाही, अंश माहीत नाहीत. सल्ल्याचे पैसेही घेतले नाहीत. मेहुण्यांनी तरीही "पण निम्मी..." असं सुरू केलं होतं, तोवर तो दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींच्या विळीकडे वळला होता.

कात्री! आपल्या प्रत्येकाच्या घरात शिवणाच्या डब्यात ही पक्षपाती धार आधीपासून बसलेली आहे आणि आपल्याला पत्ता नाही. कात्रीच्या दोन्ही पात्यांना उतार फक्त बाहेरच्या अंगाने असतो. आतली दोन्ही अंगं सपाट, खरं तर किंचित पोकळ, आणि ती एकमेकांना घासून जातात म्हणून कापड कापलं जातं. आतून कुणी घासलं तर पाती एकमेकांना भिडतच नाहीत, कापड मधे दुमडतं, आणि मग आपण शिंप्याच्या दुकानातली कात्री कशी सर्रकन चालते याचं कौतुक करत बसतो. शिंपी आपल्या कात्रीला कुणालाही हात लावू देत नाही. घरी मात्र तीच कात्री कागदाला, दोरीला, तारेला आणि शेपूच्या जुडीच्या रबराला चालते. रिकामी कात्री चालवली तर घरात भांडण होतं म्हणून मुलांना दटावणाऱ्या घरात तार कापल्यावर कुणी अवाक्षर काढत नाही.

मग मी जिथे तिथे एकाच बाजूची धार शोधत सुटलो, आणि नाशिकमध्ये ती पावलोपावली सापडायला लागली. घरात फर्निचरचं काम काढलं होतं. सुताराच्या पिशवीतली पटाशी एका अंगाने उतरती आणि पाठीने सपाट. रंध्याचं पातं तसंच. मिस्त्री दुपारच्या चहानंतर दगडावर तेलाचे दोन थेंब टाकून पटाशीचा उतार घासायचा, मग पाठ दगडावर पूर्ण आडवी ठेवून एकदा-दोनदा ओढायचा, आणि शेवटी तळहातावर उलटसुलट फिरवायचा. पाठ आडवी ठेवतो ती कधी तसूभरही का उचलत नाही, असं मी विचारलं. त्याने माझ्याकडे जरा काळजीने पाहिलं. "उचलली तर भोक चौकोनी कसं येईल?"

दिंडोरीला आमचे साडू आहेत, द्राक्षबागायतदार. त्यांच्याकडे वर्षातून दोनदा छाटणी, एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी. दोन्ही वेळा मजुरांच्या टोळ्यांच्या हातात सिकेटर. त्याच्या कापणाऱ्या पात्याला उतार बाहेरून, आतलं अंग सपाट, आणि ते दुसऱ्या आकड्यासारख्या पात्याला चाटून जातं. पातं बोथट असेल तर काडी कापली न जाता चेंगरते, जखम भरायला वेळ लागतो आणि तिथून बुरशी आत शिरायला वाट मिळते. मी उसुबा त्यांना दाखवायला नेली होती. साडूंनी ती हातात घेतल्याबरोबर अंगठा सपाट बाजूला लावला, उताराला नाही. "ही तर सिकेटरची थोरली बहीण," म्हणाले. मग मला बांधावर बसवून छाटणीचे मजूर, औषधांचे भाव आणि अवकाळी पाऊस या विषयांवर दीड तास ऐकवलं. धारेविषयीचं ज्ञान फुकट मिळतं, पण सोबत बाकीचंही घ्यावं लागतं.

कागदाचं तेच. नाशिकरोडला सिक्युरिटी प्रेस १९२५ मध्ये आली आणि नोटांचा छापखाना १९२८ मध्ये, तेव्हा कागद छापून कापणं हा या शहराचा शंभर वर्षांचा व्यवसाय. गल्लीतल्या छोट्या छापखान्यात जाऊन बघा. कागदाचा गठ्ठा एका दमात कापणाऱ्या मशीनच्या पात्याला उतार एकाच अंगाने असतो, आणि सपाट अंग ठेवायच्या गठ्ठ्याकडे. म्हणून वहीची कड सरळ येते. वह्या आपण आयुष्यभर वापरल्या, कधी विचार केला नाही.

थोडक्यात, आख्ख्या शहराला हा नियम पाठ होता. सुतार, शिंपी, बागायतदार, छापखानेवाला, धारवाला. अनभिज्ञ होती ती फक्त शिकलेली कुटुंबं.

राहिला प्रश्न प्रत्यक्ष धार लावायचा. त्यासाठी आमच्या समोरच्या फ्लॅटमधले काका पुढे आले. काका सातपूरच्या एका कारखान्याच्या टूल-रूममधून निवृत्त झालेत आणि निवृत्तीपासून घासायला काही मिळालेलं नाही या दुःखात होते. सुरी पाहून त्यांच्या चेहऱ्यावर नातू झाल्याचा आनंद दिसला. पहिल्यांदा त्यांनी पाण्याचा दगड बादलीत बुडवून ठेवला. बुडबुडे यायचे थांबेपर्यंत दगडाला हात लावायचा नाही, असा दंडक. तोवर काळ्या मार्करने सुरीचा सगळा उतार रंगवून काढला. दगडावर दोन हात फिरवल्यावर शाई कुठे पुसली गेली ते बघायचं. फक्त वरच्या काठाची गेली तर पातं फार निजवलंय, फक्त धारेची गेली तर फार उभं धरलंय. सगळ्या उतारावरची एकसारखी गेली की कोन बरोबर. मोजपट्टी नको, कोनमापक नको. आमच्या मेहुण्यांना मात्र चांगल्या सुरीला शाई फासणं अजिबात रुचलं नाही.

मग उतार घासत राहायचं, सपाट बाजूला "बर" येईपर्यंत. बर म्हणजे घासलेल्या धातूची पलीकडे वळलेली अतिबारीक झालर. अंबड-सातपूरच्या कुठल्याही कामगाराला विचारा, त्याचं निम्मं आयुष्य बर काढण्यात गेलेलं असतं. डोळ्यांना ती दिसत नाही. सपाट अंगावरून अंगठा धारेच्या बाहेरच्या दिशेने, आडवा सरकवला की नखाला अडते. टोकापासून मुठीपर्यंत सलग अडली म्हणजे उतार धारेपर्यंत पोचला. ती आलेली नसताना दगड बदलणं, हे काकांच्या मते कामचुकारपणाचं मूळ. ते म्हणाले, "लोक १०००च्या दगडावर बर यायच्या आधीच ६०००चा बारीक दगड घेतात. बोथट सुरीला आरशासारखी चकाकी येते." हे ते सुऱ्यांविषयी बोलत होते की पूर्वीच्या साहेबांविषयी, ते कळलं नाही.

आणि आता पक्षपाताचा कळस. सुरी उलटायची, सपाट अंग दगडावर पूर्ण आडवं ठेवायचं, कणा नि धार दोन्ही टेकलेली, आणि हलक्या हाताने दोन-चार वेळाच ओढायचं. बर निघाली की पुरे. पाठीचा कणा केसभर जरी उचलला तर सपाट बाजूलाही एक इवलासा उतार तयार होतो, आणि सुरी चोरपावलांनी नेहमीच्या सुऱ्यांच्या पंगतीत जाऊन बसते. जपानी कारागिरांनी म्हणून या बाजूला मधोमध हलकी पोकळी ठेवलेली असते. दगडाला फक्त कडा लागतात, काम लवकर होतं आणि कापलेली भाजीही चिकटत नाही. उताराला शंभर हात आणि सपाटाला चार, हे प्रमाण ऐकून मेहुणे उठून घरी गेले.

दगडानंतर चामडं. चामड्यावर पातं नेहमी मागे ओढायचं, कणा पुढे, धार मागे. पुढे ढकललं तर सुरी पट्टाच कापते. चामड्याने धातू असा फारसा निघत नाही. उरलीसुरली बर तुटते, कड सरळ होते, झळाळते. काकांनी आपला जुना कमरेचा पट्टा पाटावर खिळ्यांनी ताणून बसवला आणि त्यावर पॉलिशची हिरवी वडी घासली. उताराला भरपूर ओढी, सपाटाला दोनच, तेही निजवून. काकूंना पट्टा दुसऱ्या दिवशी लग्नाला जाताना आठवला.

चामडं नसेल तर वर्तमानपत्र. थट्टा नाही. सपाट लाकडावर वर्तमानपत्राचा कागद ताणून त्यावर पातं ओढलं तर चांगलं काम होतं. आम्ही अग्रलेखाचं पान घेतलं. अग्रलेखात नव्हती ती धार सुरीला आली.

पट्ट्याची पुढची अक्कल रामकुंडावर मिळाली. गंगेवर गेलो होतो, बुधवारच्या बाजारात. नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो. रामकुंडावर मुंडनं चालू होती. हल्ली तिथे उघडा वस्तरा दिसत नाही. मुठीत अर्धं ब्लेड बसवतात, काम झालं की फेकतात. रोगांच्या दृष्टीने तेच योग्य. पण कडेला बसलेल्या एका म्हाताऱ्या न्हावीदादांना मी पट्ट्याचं विचारलं तर त्यांचे हात आपसूक हवेत हलायला लागले. पट्टा ढिला धरायचा नाही, ते म्हणाले. मधे झोळ पडला की पट्टा धारेवर वर चढतो आणि धार गोल होते. आणि ओढीच्या शेवटी पातं उचलायचं नाही. आधी थांबवायचं, मग कण्यावर उलटायचं. वस्तऱ्याचा जाड कणा पट्ट्याला टेकला की कोन आपोआप ठरतो, विचार करावा लागत नाही. शिवाय वस्तरा दोन्ही अंगांनी सारखा, म्हणून या बाजूला एक ओढ, त्या बाजूला एक. वस्तरा न्यायी आहे. मेहुण्यांना मी हे मुद्दाम फोन करून सांगितलं.

सुरीची धार आता अशी आहे की लटकत्या कागदावर ठेवली तर कागद आवाज न करता दोन होतो. काकांच्या डाव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत एक केस उरलेला नाही, कारण धार तपासायची त्यांची रीत तीच. फक्त सुरी जपायची कशी, हा वेगळा पेच आहे. पातं साध्या कार्बन पोलादाचं, स्टेनलेस नाही. कांदा चिरून तासभर तसंच ठेवलं तर काळं पडतं, ओलं राहिलं तर गंजतं. भांड्याच्या मावशींनी ती एकदा कढई-तव्यांबरोबर बेसिनमध्ये घेतली आणि तारेच्या घासणीने दोन्ही बाजूंनी सारखी घासली. त्यांचीही न्यायबुद्धी आमच्यासारखीच. काकांनी पुन्हा दगड बादलीत टाकला. ते खूश होते.

आई अजून विळीवरच चिरते. जमिनीवर बसून, पायाने पाट दाबून, कोबी पात्यावर सरकवत. केसासारखा कोबी पडत जातो आणि तिचं लक्ष टीव्हीकडे असतं. तिच्या विळीचं पातं लोहाराने एका अंगाने उतरतं ठेवलंय, हे मला इतक्या वर्षांत आत्ता दिसलं. मी तिला म्हणालो, आई, तुझी विळीसुद्धा जपानीच. ती म्हणाली, "मग त्या सुरीला एवढे पैसे कशाला घातले?"

खंडेनवमी जवळ येते आहे. आश्विनातल्या या नवमीला शस्त्रांची पूजा असते. सातपूर-अंबडला मशीनना हार पडतील, घरोघरी विळी, सुरी, कात्रीला हळद-कुंकू लागेल आणि झेंडू वाहिला जाईल. वर्षभर ज्या सुरीने काहीच कापलं नाही तिची कशाबद्दल पूजा, हे देवीलाही पडलेलं कोडं असावं. तेव्हा वाचकांना विनंती एवढीच, की हळद-कुंकवाच्या आदल्या दिवशी तिला एकदा दगड दाखवा. सुरी दोन्ही अंगांनी उतरती असेल तर खुशाल समान न्याय करा. कात्री, पटाशी किंवा कुणा भाच्याने आणलेली जपानी सुरी असेल तर उतार घासा आणि सपाट बाजू नुसती टेकवून उचला. एका बाजूला भरड आणि दुसऱ्या बाजूला बारीक असा जोडदगड कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. दुकानदार विचारेल, "सुतारकाम करता का?" हो म्हणा. भाव कमी लावतो.